वरच्या स्विचची शिदोरी

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हटला की माझ्यासारखा बालरोगतज्ज्ञ साहजिकच लसीकरण, कुपोषण किंवा नवजात शिशूची कावीळ या विषयांकडे वळतो. या वेळी मात्र मी आपल्या शास्त्राच्या सीमेबाहेर पाऊल टाकणार आहे. विषय आहे इन्व्हर्टरच्या पोटातील एका छोट्या चिपचा, आणि त्या चिपला वीज कोठून मिळते या प्रश्नाचा. ज्या कडोलीत मराठी साहित्य संमेलन भरते त्या गावच्या डॉक्टराने साहित्य सोडून सर्किटवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु शालेय वयात जुन्या रेडिओचे भाग सुटे करण्याचा मला नाद होता आणि पन्नाशी ओलांडल्यावरही तो सुटलेला नाही. शिवाय या विषयाचा धडा मला पुस्तकातून नव्हे, तर एका १६५० ग्रॅम वजनाच्या बाळाच्या उशाशी बसून मिळाला. म्हणून तो सांगण्याचे धाडस करतो.

ती रात्र

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरमधील रात्र. आपल्याकडील थंडी वाचकांना ठाऊक आहेच. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले एक बाळ आमच्या छोट्या रुग्णालयात रेडियंट वॉर्मरखाली होते. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली. इन्व्हर्टर तत्काळ सुरू झाला आणि मी निश्चिंत झालो. अवघ्या पंधरा दिवसांपूर्वी तो दुरुस्त करून घेतला होता, बॅटऱ्याही पूर्ण भरलेल्या होत्या. वीसएक मिनिटे गेली असतील, तोच ‘फट्’ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि सर्वत्र अंधार पसरला.

बाळाचे तापमान मोजले, ३६.२ अंश सेल्सिअस भरले. म्हणजे सौम्य का होईना, पण शीतबाधेला आरंभ झाला होता. विजेची वाट पाहणे शक्य नव्हते. बाळाला टोपी घातली, लंगोट तेवढा ठेवला आणि मातेच्या उघड्या छातीवर उभे बिलगवून वरून दोन चादरी पांघरल्या. १९७८च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे इनक्युबेटरच्या टंचाईतून जन्मलेली ही ‘कांगारू माता’ पद्धत आता जगभर मान्य झाली आहे. बाळाची आजी शेजारी बसली होती. मी पुन्हा पुन्हा विजेची चौकशी करतो आहे हे पाहून ती म्हणाली, “लाईट येऊ दे न्हाईतर न येऊ दे डॉक्टर, पोराला ऊब मिळाली म्हणजे झालं की!” तासाभराने तापमान ३६.८ झाले. आजींचे म्हणणे शास्त्रशुद्ध ठरले.

बाळ सुखरूप घरी गेले. माझ्या मनातून मात्र तो ‘फट्’ आवाज जाईना. भरलेल्या बॅटऱ्या, नुकती दुरुस्ती, मर्यादेत असलेला भार, आणि तरीही यंत्र मेले कसे? बेळगावात राहणारा माझा एक शाळासोबती इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता आहे. त्याच्या टेबलावर तो इन्व्हर्टर उघडला गेला. सर्व भाग तपासून झाल्यावर त्याने चिमट्यात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, काळा, एका टोकाला रुपेरी पट्टा असलेला एक डायोड धरला आणि म्हणाला, “हा बघ तुझा आरोपी.” त्या आरोपीचा गुन्हा समजण्यासाठी मला जे शिकावे लागले, ते पुढे क्रमाने मांडतो.

दोन स्विच आणि एक पेच

अशा इन्व्हर्टरचे काम दोन टप्प्यांत चालते. बॅटरीचा २४ किंवा ४८ व्होल्टचा दाब प्रथम सुमारे ३८० व्होल्ट डीसीपर्यंत चढवला जातो. घरातील २३० व्होल्ट एसीचा शिखरदाब ३२५ व्होल्ट असतो, म्हणून त्याहून थोडा अधिक साठा लागतो. दुसऱ्या टप्प्यात हा डीसी दाब सेकंदाला सुमारे वीस हजार वेळा तोडून-जोडून त्यातून एसीची लहर घडवली जाते. हे तोडण्या-जोडण्याचे काम ट्रान्झिस्टर करतात.

त्यांची मूलभूत रचना सोपी आहे. ३८० व्होल्टची तार वर, शून्य व्होल्टची तार खाली, आणि त्यांच्या मध्ये एकावर एक असे दोन ट्रान्झिस्टर. दोहोंच्या सांध्यातून बाहेरची तार निघते. खालचा चालू केला की सांधा शून्यावर येतो, वरचा चालू केला की सांधा ३८० वर जातो. दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर मात्र वरची तार थेट खालच्या तारेला भिडते आणि क्षणार्धात सर्व काही जळते.

येथे वापरले जाणारे ट्रान्झिस्टर मॉस्फेट किंवा आयजीबीटी जातीचे असतात. यांपैकी आयजीबीटीचा विकास १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बी. जयंत बालिगा यांनी केला. त्यांचे शालेय शिक्षण आपल्या कर्नाटकातच, बेंगळूरला झाले आणि या कार्यासाठी २०२४ साली त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आज इन्व्हर्टरपासून विजेच्या मोटारीपर्यंत आणि रेल्वे इंजिनापर्यंत हा घटक सर्वत्र आहे.

या ट्रान्झिस्टरला ‘गेट’ नावाचे एक टोक असते. गेटवर त्याच्या स्वतःच्या पायापेक्षा साधारण १२ ते १५ व्होल्ट अधिक दाब दिला की तो पूर्ण उघडतो, शून्य दिला की बंद होतो. सातआठ व्होल्टच दिले तर तो अर्धवट उघडतो, त्याच्यातून प्रवाहही जातो आणि त्याच्यावर दाबही उरतो, परिणामी तो तापून मरतो. उलट २० व्होल्टच्या पुढे गेले तर गेटखालचा काचेसारखा पातळ थर फुटतो. म्हणजे येथेही आपल्या औषधांप्रमाणे उपचारक मात्रेचा पट्टा अरुंद आहे. गेटला ही मात्रा वेळेवर आणि झटक्यात देणाऱ्या चिपला ‘गेट ड्रायव्हर’ म्हणतात.

आता ‘स्वतःच्या पायापेक्षा’ या शब्दांकडे लक्ष द्यावे, कारण सगळा पेच तेथेच आहे. विद्युतदाब ही नेहमी सापेक्ष गोष्ट असते. आपल्या मार्कंडेय नदीला पूर आला आणि नावेत कोणी कंदील धरून उभा असला, तर काठावरून पाहणाऱ्याला कंदील वीस हात वर गेलेला दिसेल. नावेतील माणसाला मात्र तो आपल्या पायांपासून तेवढ्याच उंचीवर आहे असे वाटेल.

खालच्या ट्रान्झिस्टरचे पाय काठावर, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेवर घट्ट रोवलेले असतात. त्याच्या चिपला १५ व्होल्टचा साधा पुरवठा दिला की काम भागते. वरच्या ट्रान्झिस्टरचे पाय मात्र सांध्यावर आहेत, आणि सांधा तर नावेसारखा सेकंदाला वीस हजार वेळा शून्य ते ३८० असा वरखाली होतो. वरचा ट्रान्झिस्टर चालू झाला की त्याचे पाय ३८० वर पोहोचतात. त्याला चालू ठेवायचे तर गेटवर ३८० अधिक १५, म्हणजे ३९५ व्होल्ट हवेत. संपूर्ण यंत्रात सर्वांत मोठा दाब ३८०चा असताना हे ३९५ आणायचे कोठून?

शिदोरी बांधण्याची युक्ती

यावर शोधलेली युक्ती इतकी साधी आहे की ती कळली तेव्हा मी स्वतःशीच हसलो. तिला ‘बूटस्ट्रॅप’ म्हणतात. मी तिला शिदोरी म्हणतो. शेतावर दूर जाणारा माणूस घरी असतानाच भाकरी बांधून घेतो, वर टेकडीवर कोणी त्याला जेवण आणून देत नाही. वरच्या ट्रान्झिस्टरच्या चिपलाही तिचे १५ व्होल्ट अशाच शिदोरीतून मिळतात.

यासाठी केवळ दोन घटक लागतात, एक कपॅसिटर आणि एक डायोड. कपॅसिटर म्हणजे विद्युतभाराची छोटी टाकी. तिचे खालचे टोक सांध्याला, म्हणजे नावेलाच बांधायचे. वरचे टोक एका डायोडमार्फत १५ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडायचे. डायोड ही एकतर्फी झडप आहे, ती प्रवाहाला पुरवठ्याकडून टाकीकडे जाऊ देते, उलट दिशेने येऊ देत नाही.

आता क्रम पाहू. खालचा ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा सांधा शून्यावर असतो, नाव काठाला लागलेली असते. या वेळी १५ व्होल्टच्या पुरवठ्यातून डायोडवाटे कपॅसिटर भरतो. डायोड आपली पाऊणएक व्होल्टची दलाली घेतो आणि सुमारे १४ व्होल्ट शिल्लक राहतात. मग खालचा ट्रान्झिस्टर बंद होतो आणि वरचा चालू होऊ लागतो. सांधा वर चढतो आणि त्याच्याबरोबर कपॅसिटरही अंगाखांद्यावरच्या शिदोरीसह वर चढतो. सांधा ३८० वर पोहोचला की कपॅसिटरचे वरचे टोक ३९४ वर असते. जमिनीवरून पाहणाऱ्याला ३९४, पण वरच्या चिपच्या दृष्टीने तिच्या पायांपासून अवघे १४. त्याच क्षणी डायोडच्या एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला ३९४ व्होल्ट असल्याने झडप घट्ट मिटते आणि वरचा दाब खाली उतरत नाही. पुढच्या फेरीत सांधा पुन्हा खाली येतो आणि शिदोरी पुन्हा भरली जाते.

या पद्धतीच्या आयआर २११० सारख्या चिप अनेक दशकांपासून बाजारात आहेत. एकाच चिपच्या पोटात खालचा आणि वरचा असे दोन विभाग असतात. वरचा विभाग सांध्याबरोबर ५०० व्होल्टपर्यंत तरंगू शकतो आणि खालून येणारा ‘चालू’, ‘बंद’ हा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची सोयही चिपमध्येच असते.

हृदयाशी असलेले साम्य

मित्राने हे समजावून दिले तेव्हा मला प्रथमवर्षाच्या शरीरक्रियाशास्त्राचा वर्ग आठवला. हृदय सर्व शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कधी मिळते? डाव्या कोरोनरी रोहिणीतील प्रवाह मुख्यतः डायास्टोलमध्ये, म्हणजे हृदय शिथिल असताना वाहतो. आकुंचनाच्या वेळी स्नायूच आपल्या वाहिन्या आवळून धरतो. म्हणून ठोके फार वाढले की डायास्टोल आखडतो आणि हृदयाचेच पोषण घटते.

वरच्या चिपचे अगदी तसेच आहे. तिची शिदोरी केवळ सांधा खाली असतानाच्या विसाव्यात भरते. हा विसावा फार लहान केला किंवा वरचा ट्रान्झिस्टर सतत चालूच ठेवला, तर कपॅसिटर हळूहळू रिता होतो. या पद्धतीत वरचा स्विच कायम चालू ठेवता येत नाही, ही तिची अंगभूत मर्यादा आहे. आरंभीही हाच नियम. यंत्र सुरू होताना शिदोरी रिकामी असते, म्हणून प्रथम खालच्या ट्रान्झिस्टरला काही क्षण चालू करून कपॅसिटर भरून घ्यावा लागतो, त्यानंतरच वरच्याला हाक द्यायची.

चांगल्या चिपमध्ये एक शहाणपण बसवलेले असते. शिदोरीचा दाब सुमारे आठ-साडेआठ व्होल्टच्या खाली गेला की ती वरच्या ट्रान्झिस्टरला चालू करण्यास साफ नकार देते. अर्धवट उघडून जळण्यापेक्षा बंद राहणे बरे, हा विचार त्यामागे आहे. बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर मध्येच रुसतो, त्यामागे कधीकधी हे कारण असते.

शिदोरी किती मोठी असावी

गणिताला वाचकांनी घाबरू नये, बाळाच्या वजनावरून औषधाची मात्रा काढण्याहून ते अवघड नाही. गेट उघडण्यासाठी दर वेळी ठराविक विद्युतभार लागतो. तो १०० नॅनोकूलंब धरू. शिदोरीचा दाब एका फेरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक उतरू नये अशी आपली अट आहे. भाराला दाबातील उतारीने भागले की कपॅसिटरची धारकता मिळते, म्हणजे १०० भागिले अर्धा, बरोबर २०० नॅनोफॅरड, अर्थात ०.२ मायक्रोफॅरड. व्यवहारात सुरक्षिततेसाठी याच्या दहापट, म्हणजे दोनएक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालतात.

आता दुसरी परिस्थिती पाहा. काही इन्व्हर्टरमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला केवळ ५० वेळाच चालू-बंद होतो. मग वरचा ट्रान्झिस्टर सलग १० मिलिसेकंद चालू राहतो आणि तेवढा वेळ चिपचा वरचा विभागही शिदोरीतूनच खातो. त्याची भूक २०० मायक्रोअँपिअर धरली तर १० मिलिसेकंदांत तो दोन मायक्रोकूलंब, म्हणजे गेटच्या वीसपट भार फस्त करतो. तेथे किमान चार मायक्रोफॅरड लागतात आणि प्रत्यक्षात २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरतात.

या कपॅसिटरच्या पोटात द्रव असतो आणि उष्णतेने तो वर्षानुवर्षे आटत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. बंद कपाटात, भिंतीला चिकटवून ठेवलेला इन्व्हर्टर अकाली का म्हातारा होतो, याचे एक उत्तर येथे आहे.

आणखी एक गंमत. वीस हजार फेऱ्यांच्या हिशेबाने गेटला लागणारी सरासरी शक्ती १०० नॅनोकूलंब गुणिले १५ व्होल्ट गुणिले २०,०००, म्हणजे अवघी ३० मिलिवॅट भरते. परंतु ट्रान्झिस्टर झटक्यात उघडण्यासाठी तोच भार पन्नास नॅनोसेकंदांत ओतावा लागतो आणि तेवढ्या क्षणापुरता प्रवाह दोन अँपिअरचा होतो. म्हणजे दिवसभराचा आहार चिमणीएवढा, पण घास मात्र हत्तीचा. म्हणून ही शिदोरी चिपच्या अगदी लगत ठेवावी लागते, लांब तारेने जोडल्यास घास वेळेवर पोहोचत नाही.

एकसारखे दिसणारे दोन डायोड

आता आरोपीकडे वळू. डायोड ही झडप आहे, पण कोणतीही झडप क्षणात मिटत नाही. प्रवाह उलटू पाहतो तेव्हा ती मिटेपर्यंत थोडा काळ उलट प्रवाह गळतच राहतो. शिदोरीच्या जागी मूळ कंपनीने यूएफ ४००७ हा जलद डायोड बसवला होता. तो ७५ नॅनोसेकंदांच्या आत मिटतो. दुरुस्ती करणाऱ्याने त्या जागी १एन ४००७ बसवला. दोघेही एक हजार व्होल्ट आणि एक अँपिअरचे, रंग काळा, पट्टा रुपेरी, आकारही तोच. दुसरा तर कोणत्याही दुकानात रुपया-दोन रुपयांत मिळतो. परंतु तो बनलेला आहे मुख्य विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांसाठी, आणि त्याला मिटण्यास मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जलद डायोडच्या कितीतरी पट अधिक.

आपल्या भाषेत ही महाधमनीच्या झडपेची गळती झाली. प्रत्येक ठोक्याला काही रक्त मागे फिरावे, तसा प्रत्येक फेरीत ३८० व्होल्टच्या बाजूकडील प्रवाह १५ व्होल्टच्या पुरवठ्यात मागे शिरत होता, तोही सेकंदाला वीस हजार वेळा. त्याने डायोड तापत होता, आणि डायोड तापला की त्याचा मिटण्याचा काळ आणखी वाढतो. हे दुष्टचक्र वीस मिनिटे चालले. मित्राच्या अनुमानानुसार अखेर १५ व्होल्टच्या पुरवठ्याचा दाब चिपच्या सहनशक्तीपलीकडे गेला, चिप मेली, दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम चालू झाले आणि तो आवाज झाला.

मग दुरुस्तीनंतरच्या तपासणीत हे का दिसले नाही? कारण यंत्र एका साध्या दिव्यावर दोन मिनिटे चालवून पाहिले गेले होते. तेवढ्यात पेटी तापतच नाही. सहाशे-सातशे वॅटचा वॉर्मर त्या रात्रीच प्रथम त्यावर सलग चालला. दुरुस्ती करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने आकडा वाचला, आद्याक्षरे वाचली नाहीत. आपणही सारख्या दिसणाऱ्या कुप्यांवरील नाव दोनदा वाचावे म्हणून परिचारिकांना बजावतो, ते याच कारणासाठी.

युक्ती जेथे अपुरी पडते

बूटस्ट्रॅप स्वस्त आणि सुटसुटीत असला तरी सर्वत्र चालत नाही. वरचा स्विच दीर्घकाळ चालू ठेवायचा असेल तर त्याच्या जोडीला ‘चार्ज पंप’ नावाचे छोटे सर्किट घालतात. ते शिदोरीत थेंबथेंब भर टाकत राहते.

अधिक शक्तीच्या यंत्रांत प्रत्येक वरच्या ट्रान्झिस्टरला स्वतंत्र, विलग पुरवठा देतात. छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वेटोळ्यातून १५ व्होल्ट काढले की त्या वेटोळ्याचा जमिनीशी कोणताही धातूचा संबंध उरत नाही, ते सांध्याबरोबर खुशाल तरंगते. तीन फेजच्या मोटारीसाठी असे चार पुरवठे लागतात, वरच्या तिघांना तीन आणि खालच्या तिघांचे पाय एकाच तारेवर असल्याने त्यांना मिळून एक. ‘चालू’, ‘बंद’ हा निरोप मग प्रकाशाद्वारे, ऑप्टोकपलरमधून पाठवला जातो.

विलगता मात्र पूर्ण कधीच नसते. दोन वेटोळ्यांच्या दरम्यान अल्पशी धारकता उरते. समजा ती १० पिकोफॅरड आहे आणि सांधा मायक्रोसेकंदाला १० हजार व्होल्टच्या वेगाने उसळतो, तर त्या एवढ्याशा धारकतेतूनही ०.१ अँपिअरचा प्रवाह पलीकडे झिरपतो आणि नियंत्रक सर्किटला भलतेसलते ऐकू येऊ लागते. आपल्या व्यवसायात या विलगतेचे मोल अधिकच आहे. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून रुग्णाच्या शरीरात जाणारा गळतीचा प्रवाह सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरपेक्षा अधिक नसावा, असे वैद्यकीय उपकरणांचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. तेथे पुरवठा विलग करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमागे रुग्णाचा जीव उभा असतो.

पाच लाख व्होल्टवरचा घास

हाच प्रश्न लाखो व्होल्टवर कसा सोडवतात, याचे मला कुतूहल होते. महाराष्ट्रात चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब डीसी वाहिनी आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर १५०० मेगावॅट वीज वाहू शकते. कर्नाटकातही ओडिशातील तालचेरहून कोलारपर्यंत त्याच दाबाची वाहिनी २००३ पासून आहे. अशा वाहिन्यांच्या दोन्ही टोकांना थायरिस्टर नावाच्या स्विचांच्या उंच माळा असतात. एकेक थायरिस्टर काही हजार व्होल्टच पेलू शकतो, म्हणून अनेक थायरिस्टर एकामागोमाग जोडावे लागतात आणि प्रत्येकाचे पाय वेगळ्याच उंचीवर असतात.

पाच लाख व्होल्ट अडवील असा छोटा ट्रान्सफॉर्मर प्रत्येकासाठी बसवणे अव्यवहार्य आहे. मग त्यांच्या गेटच्या सर्किटांना वीज कोण देते? या पद्धतीच्या अनेक केंद्रांत निरोप जमिनीवरून काचेच्या प्रकाशतंतूतून वर जातो, आणि वीज मात्र तो थायरिस्टर स्वतःच देतो. थायरिस्टर बंद असताना त्याच्या दोन टोकांमध्ये दाब असतो. त्याच्याशी समांतर जोडलेल्या संरक्षक सर्किटातून थोडासा भार काढून गेटचे सर्किट आपली छोटी टाकी भरून घेते आणि निरोप येताच तीच वीज गेटला देते. पाच लाख व्होल्ट असोत की आपल्या इन्व्हर्टरचे ३८० असोत, तत्त्व एकच. विसाव्याच्या काळात घास बांधून ठेवायचा आणि कामाच्या क्षणी तो खायचा.

आपण काय करावे

येथवर वाचून कोणा सभासद मित्राला इन्व्हर्टर उघडण्याची इच्छा झाली असेल, तर ती त्याने आवरावी. बंद केल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३८० व्होल्टचा डीसी दाब राहू शकतो आणि तो प्राणघातक आहे. आपले काम दुरुस्तीचे नाही, योग्य प्रश्न विचारण्याचे आहे.

माझ्या रुग्णालयात त्या रात्रीनंतर काही नियम झाले. दुरुस्तीनंतर बदललेल्या भागांची नावे, आद्याक्षरांसह, लेखी घ्यायची. कोणताही भाग ‘तसाच दुसरा’ म्हणून स्वीकारायचा नाही, मूळ क्रमांकाचा नसेल तर जलद डायोडच्या जागी जलदच आहे ना, हे विचारायचे. दुरुस्त यंत्र पूर्ण भारावर किमान तासभर चालवायचे, आणि तेही वॉर्मरखाली बाळ नसताना. महिन्यातून एकदा मुख्य स्विच मुद्दाम बंद करून हीच परीक्षा घ्यायची. इन्व्हर्टरभोवती हवा खेळती ठेवायची, त्याच्यावर फायलींचे गठ्ठे रचायचे नाहीत. अतिजोखमीच्या बाळासाठी दुसरा स्वतंत्र पर्याय हाताशी ठेवायचा. आणि कोणतेही यंत्र मेले तरी चालू शकतील अशा गोष्टी, म्हणजे अंबू बॅग, भरलेला ऑक्सिजन सिलिंडर, विजेरी आणि कांगारू पद्धत शिकलेली माता, नेहमी सज्ज ठेवायच्या.

तो जुना डायोड माझ्या टेबलाच्या खणात एका रिकाम्या कुपीत ठेवला आहे. प्रशिक्षणासाठी येणाऱ्या परिचारिकांना मी तो दाखवतो, त्याच्या शेजारी जलद डायोड ठेवतो आणि यांतील फरक ओळखा असे सांगतो. बहुतेकींना तो ओळखता येत नाही. मग मी भिंग देतो आणि अक्षरे वाचावयास सांगतो. त्यानंतर औषधांच्या कपाटाकडे वळून आमचा पुढचा पाठ सुरू होतो.